भाऊच्या नावाची मूठ

खान्देशात जाऊन आले म्हटलं की पुण्यातली माणसं दोनच गोष्टी विचारतात: ऊन किती होतं आणि भरीत खाल्लंस का. ऊन नव्हतं, श्रावण होता. भरीत मिळालं नाही, ती फजिती पुढे सांगते. पण मी जे खाऊन आले ते कुठल्या खाणावळीत मिळत नाही, आणि ते खाल्ल्यापासून माझ्या एका जुन्या आठवणीत एक माणूस जास्तीचा आला आहे. तो कसा आला ते नीट आठवतंय तोवर लिहून काढते.

माझं काम आठवणींचंच आहे. उंदरांच्या आठवणींचं. उंदराच्या कवटीत काचेची इवलीशी खिडकी बसवायची आणि सूक्ष्मदर्शकातून आतल्या जिवंत पेशी बघायच्या. उंदीर काही नवं शिकला की त्याच्या काही पेशींमध्ये एक जनुक जागं होतं, त्याच्या नकला निघू लागतात. त्या नकला उजळाव्यात अशी सोय आम्ही आधीच करून ठेवलेली असते. मग काळोख्या पडद्यावर हिरवे ठिपके लुकलुकायला लागतात. दुसऱ्या दिवशी उंदराला त्याच पेटीत सोडलं, त्याला ती जागा आठवली, की ठिपके पुन्हा लागतात. म्हणजे आठवण नुसती ठेवणीतून काढली जात नाही, काढताना थोडी नव्याने घडवलीही जाते. ती अशी उघडी असताना जे कानावर पडेल ते तिच्यात मिसळू शकतं. इतकी वर्षं हे बघतेय, तरी ते ठिपके दिसले की अजून अंगावर काटा येतो.

मला माझ्या वडिलांची एकच आठवण आहे. मी चार वर्षांची असताना ते सुरतेला काविळीने गेले. तिथे ते कापडगिरणीत होते. आठवण एरंडोलजवळच्या पद्मालयाची आहे. मी त्यांच्या खांद्यावर बसलेय, एका हाताने त्यांचा कान धरलाय, दुसरा हात डोक्यावर. केस बारीक आहेत, तळहाताला टोचतात. ते माझ्यासाठी कमळ काढायला तळ्यात उतरतात आणि त्यांचा पायजमा गुडघ्यापर्यंत भिजतो. एवढंच. आई कधी त्यांच्याबद्दल बोलली नाही आणि दोन वर्षांपूर्वी तीही गेली. आता वडिलांना ओळखणारं एकच माणूस उरलं होतं, त्यांचे धाकटे भाऊ, माझे नानाकाका. आणि नानाकाका विसरायला लागले होते.

धुळे

धुळ्याच्या एका कॉलेजनं व्याख्यानाला बोलावलं आणि त्याच आठवड्यात कानबाई होती. नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशात घरोघर कानबाई ही देवी बसते. कुठे कुठे पांगलेले भाऊबंद त्या दिवशी गावी जमतात. एका दगडात दोन पक्षी म्हणून मी होकार कळवला.

व्याख्यानाआधी जेवायला बसले आणि मोठ्या ऐटीत भरीत मागितलं. खाणावळीचे मालक वयस्क होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं ते मी जणू देवळात चप्पल घालून शिरले होते.

"ताई, चातुर्मास शे ना. वांगं कोन खास आते?"

पुण्यात आम्हाला चातुर्मास फक्त दिनदर्शिकेत भेटतो. मी मुकाट्यानं शेवभाजी मागवली. ती इतकी झणझणीत होती की व्याख्यानाची पहिली पाच वाक्यं मी नाक पुसत बोलले. मुलांना वाटलं मॅडम भावनाविवश झाल्या.

मी त्यांना ठिपक्यांची फिल्म दाखवली. वर्गात अंधार केला होता. काहीतरी जिवंत स्वतःशीच आठवतंय आणि आपण चोरून बघतोय असं ती फिल्म बघताना वाटतंच. दिवे लागल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी उठली.

"मॅडम, त्याला जे आठवतंय ते खरंच घडलं होतं का, हे ठिपक्यांवरून कळतं?"

"नाही," मी म्हटलं. "घडलेलं असो की मनानं रचलेलं, आम्हाला दिवा सारखाच दिसतो."

टाळ्या झाल्या, श्रीफळ मिळालं. उत्तर मी उंदरांबद्दल दिलं होतं.

आमचं गाव

एरंडोलहून पद्मालयाच्या रस्त्याला आत आमचं गाव आहे. रिक्षावाल्यानं मला आधीच्याच फाट्यावर उतरवलं आणि कपाशीच्या वावरातून चालताना काळ्या मातीनं माझी एक चप्पल ठेवून घेतली. एका पायात चप्पल आणि हातात श्रीफळ, अशी माझी स्वारी घराशी पोचली.

दारात सुमनकाकी, नानाकाकांची बायको. तिनं आधी पाय धुवायला पाणी दिलं, मग पोटभर हसली. घर आता सिमेंटचं, फरशीचं झालंय. पण आत गेल्यावर काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. मोरीवरच्या भिंतीला टॉवेल टांगलेला होता, कपाटाच्या दारावर चादर, टीव्हीवरसुद्धा ओढणी. मी तोंड पुसायला टॉवेल ओढला तर मागे आरसा. काकीनं माझ्या हातातून तो टॉवेल घेऊन पुन्हा जसाच्या तसा टांगला.

"ऱ्हावू दे माय. यास्ले आरसामा भाऊ दिखतस," ती हळू आवाजात म्हणाली. "मंग बोलत बठतस त्यास्नासंगे."

यास्ले म्हणजे नानाकाकांना, आणि भाऊ म्हणजे माझे वडील. घरात सगळे त्यांना भाऊच म्हणत. मी हा प्रकार पुस्तकात वाचलेला होता. स्मृती ढासळते तेव्हा काहींना आरशातला म्हातारा अनोळखी वाटतो, काहींना दुसराच कुणी वाटतो. याला नावही आहे. ते नाव मी काकीला सांगितलं नाही, आणि त्या नावाचा मला तरी त्या घरात काय उपयोग होता?

नानाकाका ओसरीवर बसले होते. अंगानं वाळले होते, पण दाढी स्वच्छ. काकीच करते, बिनआरशाची. त्यांनी मला ओळखलं नाही. पाव्हण्याला करावा तसा नमस्कार केला. मला भडभडून आलं. पण ठरवून आले होते: त्यांना काही विचारायचं नाही. पद्मालयाचं तर अजिबात नाही. मी विचारलं असतं, "काका, वडील मला पद्मालयला घेऊन गेले होते ना?" तर ते हो म्हणाले असते, आणि माझीच गोष्ट मला परत मिळाली असती. मला त्यांच्याकडचं हवं होतं, वडिलांचं एखादं वाक्य, एखादी खोड, जे काही आपणहून वर येईल ते. मी जाळं टाकून बसल्यासारखी त्यांच्या शेजारी बसले.

दुपारी मुठी निघाल्या. कानबाईच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात. कर्ता पुरुष नाव घेतो आणि मूठ परातीत सोडतो. आमच्या घरची तऱ्हा अशी की मुठीगणिक एक रोट थापायचा, आणि ज्याच्या नावाचा रोट त्यानेच तो संपवायचा. टाकायचा नाही, बाहेरच्याला द्यायचा नाही. मुलींच्या नावाची मूठ नसते. मी दर वेळी त्यावरून कुरकुर करते आणि काकी दर वेळी म्हणते, "तू बठ्ठास्नामाईन खास ना, मंग?" म्हणजे सगळ्यांच्या रोटातला एकेक घास मला मिळतोच. लग्न झालं की माहेरचा रोट चालत नाही. माझं झालेलं नाही, त्याचा हा एक फायदा.

काका सगळं विसरले होते, पण मूठ विसरले नव्हते. हात नेमका भरत होता. स्वतःचं नाव घेतलं. मुलाचं, रवीचं घेतलं. रवी जळगावच्या पिंप्राळ्याहून नुकताच आला होता. मग रवीच्या लेकाचं. संपलं म्हणून काकीनं परात ओढली तर काकांनी पुन्हा हात घातला.

"भाऊ," असं म्हणून त्यांनी मूठ सोडली, आणि वरची पावही.

मेलेल्याच्या नावाची मूठ काढत नाहीत. काकीचा चेहरा पांढरा पडला होता.

"भाऊ नही शेतस आते," ती म्हणाली. "कवयच गयात ना."

"नही कसा?" काका चिडले. "सकाळे आठेच बठेल व्हता, ओटावर. पायजमा गुडघालोंग ओला. माले इचारं, पोर वनी का?"

पोर आली का, म्हणजे मी. मी येणार हे काकांना कुणी सांगितलं नव्हतं, कारण सांगून राहत नाही. ओट्यावर आरसा नाही. आणि तो भिजलेला पायजमा माझ्या आठवणीतला होता.

रवी गहू काढून घ्यायला वाकला. काकीनं त्याचा हात धरला. नाव घेऊन सोडलेली मूठ परत उचलता येत नाही. "आते रोट व्हई," ती म्हणाली. "पन खाई कोन?"

पद्मालय

काकांना घरातून जरा बाहेर काढावं म्हणून रवीनं गाडी काढली आणि आम्ही चौघं पद्मालयला गेलो. रस्ता झाडीतून चढत जातो. पावसानं सगळं हिरवं झालं होतं, आणि माकडं गाडीला आडवी येत होती. देवळात दोन गणपती शेजारी शेजारी आहेत, एकाची सोंड उजवी, एकाची डावी. एरवी मला ते फार लोभस वाटतात. त्या दिवशी मात्र एकासमोर आरसा धरल्यासारखे दिसले आणि मी पटकन हात जोडून बाहेर आले.

तळ्यात कमळं फुललेली होती. काका कुणाचा हात न धरता चालत गेले ते एका पायरीशी थांबले, आणि आपणहून बोलायला लागले. पोरगी रडत होती. भाऊनं तिला खांद्यावर घेतलं. कमळ पाहिजे म्हणाली, म्हणून भाऊ इथून पाण्यात उतरला. माझी आठवण शब्दाशब्दाने तीच. आनंदानं माझे डोळे भरले. मी न विचारता मिळालं होतं!

"तुम्ही कुठे होता काका?" मी विचारलं. एवढं विचारायला हरकत नव्हती.

ते गोंधळले. पाण्याकडे बघत राहिले. "मी नव्हतू," ते म्हणाले. "भाऊच व्हता."

काकीनं माझा दंड धरून मला बाजूला नेलं. पदरानं तोंड पुसलं, बोलू की नको करत राहिली आणि मग एकदम बोलली.

"मिनू, आते लपाडीसन काय करू? भाऊ कधीच नही वनात तुले लिसन आठे. ते सुरतमाच व्हतात. भाऊना तेरावा झाया, सुतक फिटं, दुसरा दिन यास्नी तुले आनं. तू बाबा बाबा करीसन रडी ऱ्हायनी व्हती."

"काकांनी? नाही काकी, मला आठवतंय. मी बाबांच्या डोक्याला धरलं होतं."

"मंग? केस कसा लागनात हातले?"

घरातल्या एकुलत्या फोटोत माझ्या वडिलांचे केस दाट, भांग पाडलेले आहेत. लहानपणापासून तो फोटो बघतेय. फोटोतला चेहरा आणि हाताला टोचणारे खुंट यांचा मेळ बसत नाही, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. आठवणींवर संशोधन करणाऱ्या बाईच्या!

"दहावाले यास्नी डोकं भादरेल व्हतं," काकी म्हणाली. "भाऊले पोऱ्या नव्हता. बठ्ठं यास्नीच करं."

पुढचं ती सांगत गेली. मी दर सुट्टीत येऊन काकांच्या मागे लागायचे, बाबांनी मला पद्मालयला नेलं ते सांगा. काका सांगायचे. स्वतःला वगळून, भावाला घालून. इतकी वर्षं सांगितलं की आता त्यांना स्वतःलाही तिथे भाऊच दिसत होता.

मी पायरीवर बसले. मला राग आला, कुणाचा ते कळेना. वडिलांचं माझ्याकडे जे एकमेव होतं ते त्यांचं नव्हतंच. आणि ज्याचं होतं तो माणूस पलीकडे उभा होता, स्वतःच्याच आठवणीतून पुसला गेलेला. त्यांना जाऊन सांगावं का? आठवण उघडी होती, सांगितलेलं आत गेलं असतं. पण मग त्यांचा भाऊही तिथून गेला असता, आणि माझे वडीलही. मी सांगितलं नाही. परतताना गाडीत काका खिडकीच्या काचेकडे बघून काहीतरी पुटपुटत होते. रवीनं काच खाली केली.

कानबाईचा दिवस

रविवारी कानबाई बसली. नथ घातलेला नारळ, काजळाचे डोळे, भोवती केळीचे खांब. शेजारणींनी गाणी म्हटली. पुरणपोळी, खीर, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी आणि जाडजूड रोट. दुपारी ओळीनं पाट मांडले. काकांच्या शेजारी त्यांनीच एक ताट मांडायला लावलं. त्यात भाऊच्या नावाचा रोट.

सगळे बसले, पण काका घास घेईनात. "भाऊ येवू दे," एवढंच. रवीनं समजावलं. काकी म्हणाली, भाऊ मागून येतील, तुम्ही जेवा. काका हात आखडून बसले. ते जेवल्याशिवाय कुणी जेवणार नव्हतं, आणि रोट तसाच राहिला तर काकी वर्षभर धास्तीत राहिली असती. तिनं माझ्याकडे बघितलं. भाऊचं लेकरू म्हणून तिथे मी एकटीच होते.

मी उठून त्या पाटावर बसले. रोट मोडला.

काकांनी मान वळवली. माझ्या चेहऱ्याकडे इतका वेळ बघत राहिले की मला वाटलं आता मला ओळखलं.

"वना का भाऊ?" ते म्हणाले. "कितला उशीर करा."

घास माझ्या हातात तसाच राहिला. काका माझ्याकडे सरकले, आवाज खाली आणला. धाकटा भाऊ मोठ्या भावापुढे बसतो तशी त्यांनी मान घातली.

"तुले राग तं नही ना वना?"

"कशाचा?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"पोरले पद्मालयले मी लई गयतू. ती रडी ऱ्हायनी व्हती. मना कान धरीसन माले बाबा म्हनी. मी तुना बाप नही, इतलं सांगता वनं नही माले." त्यांचा श्वास लागत होता. "मंग मना जागावर तुलेच उभं करं. दरसाल तिले तसंच सांगं. तुना जागा मी लिधा नही, भाऊ."

काल तळ्यावर ज्यांना स्वतःचा पत्ता नव्हता, ते हे सांगत होते. पोरीला त्यांनी दुसरी गोष्ट दिली होती आणि खरी भावासाठी ठेवली होती.

मला अहिराणी समजते, बोलता येत नाही. प्रयत्न केला की रवी लोटपोट हसतो. पण मी बोलले.

"नही रे नाना. बेस करं तू."

काकांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आणि मग मी आणखी एक वाक्य बोलले. ते बोलायचं माझ्या मनात नव्हतं. कुठून आलं ते मी आजही सांगू शकत नाही.

"पोर वनी का?"

काकांचा चेहरा उजळला. त्यांनी दाराकडे बोट केलं, जिथे काल मी एका पायात चप्पल घालून उभी होते. "वनी ना! कालदिनच वनी." मग आपला रोट मोडून ते जेवायला लागले. काकी भिंतीला टेकून उभी होती, तोंडात पदर. नंतर भांडी आवरताना मला म्हणाली, "आवाज तुना नव्हता माय." मी म्हटलं, घसा बसलाय, कालची शेवभाजी. शेवभाजी परवाची होती, हे तिला माहीत नव्हतं.

पिंप्राळा

सोमवारी वाजतगाजत कानबाईचं विसर्जन झालं आणि रवीनं मला जळगावला आणलं. पुण्याच्या गाडीला वेळ होता म्हणून त्याच्या पिंप्राळ्याच्या घरी टेकले. बाहेर रिक्षांची कलकल, शेजारी स्कूटर धुणं चाललेलं, वहिनीनं केलेला चहा. इतकं साधं सगळं, की कालचं कुणाला सांगितलं तर हसेल. चप्पल तिथेच कोपऱ्यावरच्या दुकानात घेतली.

चहा घेताना काकीचा फोन आला. काकांनी सकाळी उठून मोरीतल्या आरशाचा टॉवेल स्वतःच काढला होता आणि दाढी केली होती. आरशात कोण आहे, विचारलं तर म्हणाले, "मीच शे, आखो कोन?" भाऊ कुठेत, विचारलं. तर येऊन जेवून गेला म्हणाले, पोरीची चौकशी करत होता. मग शेजारच्या आबांना त्यांनी पद्मालयाची गोष्ट सांगितली. पोरीला मी खांद्यावर घेतलं, कमळ काढायला पाण्यात मी उतरलो. भाऊनं काल सांगितलं, बेस केलंस.

हे किती दिवस टिकेल, मला माहीत नाही. आहे तोवर ते स्वतःच्या गोष्टीत परत आहेत.

मी पुण्यात परत आले आहे. उंदीर आठवतात, ठिपके लागतात. मधूनच माझं मला पद्मालय आठवतं. तळहाताला खुंट टोचतात. मी खाली वाकून बघते तर आता तिथे काका असतात, भादरलेल्या डोक्याचे, माझ्यासाठी पाण्यात उतरणारे. आणि काठावरच्या पायरीवर कुणीतरी उभं असतं. दाट केस, भांग, पायजमा कोरडा. पूर्वी ते तिथे नव्हतं. ते रविवारी, एका ताटावर, माझ्या स्वतःच्या तोंडून आत शिरलं हे मला पक्कं ठाऊक आहे. धुळ्याच्या त्या मुलीला मी उत्तर दिलं होतं तेही आठवतं.

काका कमळ घेऊन वर येतात तेव्हा तो माणूस मला उतरवून घ्यायला दोन्ही हात पुढे करतो. मी जाते त्याच्याकडे.